बाल्कनीतल्या जास्वंदीसाठी एक किलो पालाश

नर्सरीत टांगलेल्या खताच्या त्या पारदर्शक पुड्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असल्यामुळे झाडांना तोटा नाही. कलमी जास्वंद, एक्झोरा, अडेनियम, बोगनवेल सगळं घराजवळ मिळालं, कुंड्याही मिळाल्या. घोडं अडलं ते खतापाशी.

प्रत्येक नर्सरीत गल्ल्याच्या बाजूला त्याच पुड्या. आत काळे-पांढरे-लाल दाणे, वर स्टेपल मारलेला कागद, कागदावर गुलाबाचा फोटो. आकडे कुठेच नाहीत.

"दादा, ह्यात पालाश, म्हणजे पोटॅश, किती आहे?"

"ताई, फुलांचं खत आहे हे."

"हो, पण आहे काय त्यात?"

"सगळं आहे. महिन्याला एक चमचा टाका, फुलंच फुलं."

बहुतेक ठिकाणी हाच संवाद. एकाने तर वैतागून "शेणखतच घ्या मग" असं सुनावलं. खरं तर 1985 च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रासायनिक खताच्या पिशवीवर अन्नद्रव्यांचं प्रमाण छापावंच लागतं. 19:19:19 म्हणजे शंभरात एकोणीस भाग नत्र (नायट्रोजन), एकोणीस स्फुरद (फॉस्फरस), एकोणीस पालाश. हे तीन आकडे नसलेली पुडी मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

आकड्यांचा एवढा हट्ट कशासाठी? जास्वंदीसाठी. फुलं हवीत तर स्फुरद द्या, असं जो तो सांगतो, आणि मग कुंडीत डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) पडतं नाहीतर हाडांचा चुरा. डीएपी 18:46:0 असतं, म्हणजे जवळजवळ निम्मं स्फुरद आणि पालाश शून्य. जास्वंदीला नेमकं उलटं लागतं: नत्र मध्यम, स्फुरद कमी, पालाश भरपूर. कुंडीतल्या एवढ्याशा मातीत स्फुरद साचत गेलं की झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर ओळखावं. मग नर्सरीवाला त्यावरही एक पुडी देतो.

म्हणून मला हवं होतं 0:0:50, म्हणजे पाण्यात विरघळणारं सल्फेट ऑफ पोटॅश. शहरात ते मिळेना, तेव्हा भिवंडीच्या पुढे एका कृषी सेवा केंद्रात गेले. मेट्रोचं काम आणि ट्रकांची रांग ह्यातून तिथे पोचेपर्यंत निम्मा दिवस गेला. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता विचारलं, "किती एकर?"

"बाल्कनी आहे," मी म्हटलं.

मग मात्र त्याने वर बघितलं. पंचवीस किलोची गोणी आहे, घ्यायची तर घ्या. गोणी फोडून एक किलो सुटं द्यायला तयार नाही. मी बरीच हुज्जत घातली. मागे भाताच्या खतासाठी आलेले काका आधार कार्ड हातात धरून माझं संपायची वाट बघत होते. सुटं दिलं असतं तर तीच बिनआकड्यांची पुडी झाली असती, हे परत येताना गाडीत सुचलं. त्याने राग कमी झाला नाही, कारण पुढच्या दुकानांतही हेच. एकाकडे युरिया आणि डीएपी सोडून काही नव्हतं, दुसरा म्हणाला ड्रीपवाल्यांचं, म्हणजे पाण्यात विरघळणारं, खत दिवाळीनंतर येईल. फोनवर 'आहे' म्हणून सांगणारा दुकानात गेल्यावर 'होतं' म्हणाला.

शेवटी पनवेलच्या बाजूला एका दुकानात एक किलोचं सीलबंद पाकीट मिळालं. आधार, अंगठा काही लागलं नाही. ते लागतं युरिया-डीएपीसारख्या अनुदानाच्या खतांना. बिलावर 'शेतकऱ्याचे नाव' असा रकाना होता आणि त्यात माझं नाव. ते बिल मी जपून ठेवलंय. तर जायच्या आधी फोन करा आणि "0:0:50, एक किलोचं सीलबंद पाकीट आत्ता दुकानात आहे का" असं नेमकं विचारा. नुसतं "पोटॅश आहे का" विचारलं तर 0:0:60 पुढे करतात. त्यात क्लोराइड असतं, कुंडीला नको.

प्रमाण म्हणाल तर एक लिटर पाण्याला एक ग्रॅम. एका आठवड्यात 19:19:19, पुढच्यात 0:0:50. एवढं थोडं चमच्याने मोजता येत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कोरड्या मातीत खत कधीच घालू नका, आधी साधं पाणी. अडेनियमला ह्याच्या निम्म्याने, आणि थंडीत त्याची पानं गळाली की बंद.

मातीचं राहिलंच. नर्सरीची लाल माती नुसती भरली तर उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते आणि पाणी कडेकडेने निघून जातं. मी लाल माती, कोकोपीट, गांडूळ खत आणि विटांचे तुकडे सारख्या भागाने घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. अडेनियमच्या मिश्रणात निम्मा भाग विटांचे तुकडेच. विटा आमच्याकडे बांधकामांच्या कृपेने फुकट मिळतात, पण लालच उचला. हल्ली सगळीकडे राखाडी हलके ब्लॉक वापरतात, त्यात चुना आणि सिमेंट असतं. जास्वंद, एक्झोरा ह्यांना किंचित आंबट माती लागते, चुन्याने ती बिघडते.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे त्यात मीठ राहतं. पाणी बदलत दोन-तीनदा धुवा, आणि ते पाणी बाल्कनीत ओतू नका. त्याचा तपकिरी रंग खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ह्या विषयावर पुरेशी चर्चा झालेली आहे.

पावसाळ्यात भिजणाऱ्या कुंड्यांना विरघळणारं खत घालण्यात अर्थ नाही, सगळं वाहून जातं. तेव्हा थोडं गांडूळ खत पुरे. आणि उघडलेलं 19:19:19 जून यायच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा दगड होतो. डब्यावर नाव आणि आकडे लिहा. दिसायला ते मिठासारखंच असतं, म्हणून स्वयंपाकघरात ठेवू नका.