व्हिएन्ना, माझं पोस्टर आणि शेजारचा रिकामा बोर्ड

एप्रिलमधल्या त्या कॉन्फरन्सच्या आठवड्यात व्हिएन्नात यू१ मेट्रोत चढलात तर कोण कुठे चाललंय हे विचारावंच लागत नाही, निम्म्या डब्याच्या खांद्याला पोस्टरच्या नळ्या लटकलेल्या असतात आणि कायझरम्युलेन स्टेशन आलं की सगळे एकदम उतरतात. माझ्याकडे नळी नव्हती. कापडावर छापलेलं माझ्या संशोधनाचं पोस्टर घडी घालून सॅकमध्ये कोंबलं होतं, त्या अख्ख्या ट्रिपमध्ये मी दाखवलेलं शहाणपण म्हणजे एवढंच.

तर ईजीयू, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची जनरल असेंब्ली, पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची वार्षिक कॉन्फरन्स. २००५ पासून व्हिएन्नातच भरते, सोमवार ते शुक्रवार, आणि १५,००० च्या वर माणसं. हिमनदीवाले, भूकंपवाले, ढगवाले, अगदी मंगळावरच्या वाळूवाले पण. शेवटची डिग्री मिळून ७ वर्षं झाली नसतील तर तुम्ही इथे 'अर्ली करिअर', त्यांच्यासाठी वेगळा कोपरा, मेंटॉरिंग, सगळं असतं. त्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी मला दोन नावं कळली जी खरं तर आधीच माहीत असायला हवी होती. एक येस, जर्मनीतल्या तरुण संशोधकांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेलं नेटवर्क, आता जगभर पसरलंय. दुसरं एपेक्स, ध्रुवीय प्रदेशांवर काम करणाऱ्या नवख्यांचं, २००७-०८ च्या इंटरनॅशनल पोलर इयरच्या काळात उभं राहिलेलं. दोन्हीकडे मेंबर व्हायला कुणाची शिफारस लागत नाही, हे मला फारच आवडलं.

पण मी गेले होते 'मोठ्या लोकांना' भेटायला. सहा नावांची यादी होती, प्रत्येकाचे पेपर वाचून ठेवलेले, दोन मिनिटांत स्वतःचं काम सांगायची प्रॅक्टिस आरशासमोर केलेली. बुधवारपर्यंत त्यातले दोघं भेटले. एक छान बोलले पण त्यांना पुढचं सेशन होतं, आणि दुसऱ्यांनी माझ्या चेहऱ्याच्या आधी गळ्यातला बॅज वाचला, मग मान हलवली, झालं. राग नाही आला, खरंच. त्यांच्याभोवती माझ्यासारखे आठ जण उभे होते, ते तरी काय करणार.

गुरुवारी माझं पोस्टर. आपलं काम बोर्डावर लावायचं आणि येईल त्याला समजावून सांगायला पावणेदोन तास तिथे उभं राहायचं. पहिला अर्धा तास कुणी फिरकत नाही आणि तुम्ही उगाच कोपऱ्यातली पिन परत परत दाबत बसता. उजवीकडे सेनेगलची एक मुलगी, साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, पावसावर काम करणारी. डावीकडचा बोर्ड रिकामा, नुसता नंबर. तिच्याकडेही कुणी येईना, मग ती माझ्या पोस्टरसमोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे वाचायला लागली, जे त्या दिवशी अजून कुणीच केलं नव्हतं.

माझं काम वेगवेगळ्या क्लायमेट मॉडेल्समधल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर हवामान उभं करणाऱ्या प्रोग्रॅम्समधल्या, मान्सूनच्या पावसाची तुलना. तिनं पोस्टरवरच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे सगळ्यांना १२२ दिवस कसे घेतलेस तू?"

मी म्हटलं, जून ते सप्टेंबर, ३० अधिक ३१ अधिक ३१ अधिक ३०.

"पण यात हॅडजेम आहे ना?"

आणि माझ्या पोटात गोळाच आला. ब्रिटनच्या हॅडली सेंटरच्या त्या मॉडेलचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, प्रत्येक महिना ३० चा, त्यात चक्क ३० फेब्रुवारी ही तारीख येते. म्हणजे हंगाम १२० दिवसांचा. मी रोजच्या सरासरी पावसाला सरसकट १२२ नं गुणलं होतं, म्हणजे त्या एका मॉडेलचा पाऊस जवळजवळ पावणेदोन टक्क्यांनी उगाच वाढवून ठेवला होता. आकडा फार मोठा नाही, पण ज्या फरकावर मी अख्खा एक परिच्छेद लिहिला होता तो साधारण तेवढाच होता. दोन वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ना माझ्या, ना गाइडच्या. तिच्या लक्षात आलं कारण मागच्या वर्षी तीही याच खड्ड्यात पडली होती, जुलै ते सप्टेंबर, ९२ ऐवजी ९०.

मग आम्ही दोघी मिळून तो रिकामा बोर्ड कुणाचा ते ॲपमध्ये शोधलं. बोलिव्हियाचा मुलगा, दक्षिण अमेरिकेच्या मान्सूनवर काम. तिथेच उभं राहून त्याला मेल टाकला. संध्याकाळी उत्तर आलं: व्हिसाची अपॉइंटमेंट कॉन्फरन्सनंतरची मिळाली, पोस्टर ऑनलाइन टाकलंय, बघा. असे रिकामे बोर्ड मी त्या हॉलमध्ये नंतर मुद्दाम मोजायला लागले आणि मग थांबले, चांगलं वाटेना.

परत आल्यावर मेल थंड पडतात, सगळ्यांचंच होतं. आमचं टिकलं कारण पहिल्याच आठवड्यात तिनं एक शेअर्ड फाइल उघडली आणि तिघांनी पाऊस काढायचा आपापला कोड त्यात टाकला. तिचा नीट, माझा लाज वाटावी असा, कमेंट्स मराठीत. महिन्यातून एक कॉल, डाकारला दुपारचा एक, ला पाझला सकाळचे नऊ, मी संध्याकाळी साडेसहाला. नेट कुणाचं ना कुणाचं जातंच. कॅलेंडरची गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो हसायलाच लागला. त्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, ३१ अधिक ३१ अधिक २८ म्हणजे ९०, आणि मॉडेलमधले ३०-३०-३० पण ९०. लीप वर्ष सोडलं तर त्याला हा घोळ कधी दिसलाच नसता.

पुढच्या असेंब्लीसाठी आम्ही तिघांनी मिळून एक ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा छोटा सारांश, टाकलाय, तीन मान्सून, एकच व्याख्या. पहिलं नाव त्याचं ठेवलंय, आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी तो यावेळी आत्तापासूनच रोज सकाळी ती साइट उघडून बसतोय.