तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनंतरही ती वही कशाला?

शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे मागे थांबून मी वहीत काय लिहिते, आणि वीस वर्षे मराठी शिकवल्यावर आता शिकायचे काय उरले आहे, असे सहकारी विचारतात, पालक विचारतात, घरीही विचारले जाते. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

प्रशिक्षणात भरून घेतात तो ‘चिंतन’ नावाचा रकाना म्हणजे ही वही नव्हे. त्या रकान्यात ‘विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला होता’ असे मीही अनेकदा लिहिले आहे, आणि ते लिहिताना वर्गातला एकही चेहरा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार, असा भेद अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडला. तो मला पाठ होता. माझ्या बाबतीत मात्र त्यातला दुसरा विचार यायला अकरा वर्षे लागली.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत आठवीचा वर्ग होता. सुट्टीतल्या एका दिवसावर लिहिताना एका मुलीने लिहिले, ‘मी आजीकडे गेलो.’ मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, “गेलो? तू मुलगा आहेस काय?” वर्ग हसला. ज्या मुली स्वतः घरी आणि मैदानावर ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलत होत्या, त्याही हसल्या. माझी आईदेखील आयुष्यभर तसेच बोलली, आणि मी रोज ज्यांच्याशी कन्नड बोलत होते त्यांच्यात पुरुष असो की बाई, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ या दोन्हींसाठी ‘नानु होदे’ हे एकच रूप होते. हे सगळे मला ठाऊक होते; त्या क्षणी त्यातले काहीही आठवले नाही.

त्यानंतर त्या मुलीच्या लिखाणात ‘आम्ही’ येऊ लागले. आम्ही उठलो, आम्ही जेवलो, आम्ही आजारी पडलो. मी प्रत्येक ‘आम्ही’खाली लाल रेघ ओढली. अकरा वर्षांनी कपाट आवरताना त्या वर्षीचे माझे पाठटाचण सापडले, त्यात तिच्या नावापुढे ‘वचन कच्चे’ अशी नोंद होती. ती वाचून मी खाली बसले. तिचे वचन मुळीच कच्चे नव्हते. प्रमाण मराठीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालते असे एकच सुरक्षित रूप तिने स्वतः शोधून काढले होते, आणि मी तेही तिच्याकडून काढून घेतले. वही त्या संध्याकाळी सुरू झाली.

तरीही माझी तेव्हाची बाजू अगदीच खोटी नव्हती, असे मला आजही वाटते. दहावीला प्रथम भाषेची परीक्षा असते, आणि ‘मी गेलो’ लिहिणाऱ्या मुलीवर परीक्षक दया करणार नाही. शिवाय १९५६ पासून ज्या भागात मराठीसाठी माणसे रस्त्यावर उतरत आली, तिथल्या मराठी शिक्षिकेला प्रत्येक कन्नड वळण म्हणजे माघार वाटावी, यात नवल नाही. मला तसे वाटत होते. पण त्या भीतीची किंमत तेरा वर्षांच्या मुलीने का मोजावी, याचे उत्तर त्या तरुण शिक्षिकेकडे नव्हते, आणि मुलीला न दुखावता प्रमाण रूप नेमके कसे शिकवायचे, याचे उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून पाहिली; काही मुलींना ते पटले, काहींनी बोलणेच कमी केले. दोन्ही गोष्टी वहीत आहेत.

गेल्या आठवड्यात एका मुलीने लिहिले, ‘मी विहिरीजवळ पडलो आणि खूप रडलो.’ तिचा निबंध अजून माझ्याकडेच आहे. पडल्याचे, रडल्याचे तिने फार चांगले लिहिले आहे, एवढे मी समासात पेन्सिलीने लिहिले. त्या दोन क्रियापदांना अद्याप हात लावलेला नाही.