आमची वाटचाल : न बघता फोन

रत्नागिरीत आमचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सुरुवातीला काम म्हणजे काच बदलणं आणि चार्जिंगचा जॅक साफ करणं; खाऱ्या हवेत तो लवकर हिरवा पडतो. न दिसणारं गिऱ्हाईक आलं की आम्ही बटणांचा साधा फोन पुढे करायचो. ते चुकीचं होतं. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या या दोन्ही सोयी २००९ सालीच आल्या होत्या. सोय खिशात होती, शिकवणारं कोणी नव्हतं. आता शिकवणं हेच दुकानाचं मुख्य काम झालंय.

फोन देण्याआधी टॉकबॅकचा शॉर्टकट चालू करून ठेवतो. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो, तशीच परत दाबली की बंद. चुकून बंद पडला आणि घरात कोणी नसेल, तर हाच आधार. कव्हरवर, आवाज वाढवायच्या बटणाशेजारी मोहरीएवढी एमसीलची गोळी चिकटवतो, म्हणजे फोन हातात आल्या आल्या वरची बाजू कळते.

टॉकबॅक लावला की बोटांचे नियम बदलतात आणि घरच्यांना वाटतं फोन बिघडला. एका टॅपने काही उघडत नाही. बोटाखाली काय आहे ते फोन नुसतं बोलतो. उघडायचं तर पडद्यावर कुठेही दोनदा टॅप. ‘कुठेही’ हा शब्द आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण नवखा माणूस चिन्हावर नेम धरायला जातो, बोट सरकतं आणि शेजारचंच काहीतरी उघडतं. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची. यादी सरकवायला दोन बोटं. फोन उचलायला आणि ठेवायला दोन बोटांनी दोनदा टॅप.

सगळ्यात जास्त अडतं ते स्वाइपवर. बोट सावकाश ओढलं तर फोनला वाटतं, माणूस चाचपतोय. मग तो वाटेतलं सगळं वाचत सुटतो. पानावरचा चुरा झटकावा तसं बोट चटकन हलवायचं. हे हाताला बसेपर्यंत आम्ही दुसरं काहीच शिकवत नाही. पहिला तास फक्त कॅल्क्युलेटरवर. तिथं चुकून कोणाला फोन लागत नाही, पैसेही जात नाहीत.

स्वस्त टेम्पर्ड ग्लासला गोंद फक्त कडांना असतो. मध्ये हवेची फट राहते, टच हुकतो आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. म्हणून आम्ही पूर्ण गोंदाची काच लावतो. मासळीवाल्या मावशींना सांगतो, हात कोरडे करूनच फोन धरा. खाऱ्या पाण्याचा थेंब पडद्यावर राहिला तर फोनला तो बोटासारखाच वाटतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर बाजूच्या बटणात असलेलाच फोन घ्यावा. पडद्याखालचा सेन्सर चाचपून सापडत नाही. खाली तीन बटणांचं नेव्हिगेशन ठेवतो, नवख्याला ते सोपं जातं.

यूपीआयचा पिन टाकताना इअरफोन हवाच, नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाईल. टॉकबॅकच्या मेनूतून स्क्रीन लपवली की पडदा काळा राहतो आणि फोन मात्र चालू असतो. आयफोनवर त्यासाठी तीन बोटांनी तीनदा टॅप. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप टाकून देतो. ते २०२० साली आलं आणि इंटरनेटशिवाय चालतं. पावसात रेंज गेली की त्याची किंमत कळते. मात्र नोट खरी की खोटी, ते सांगत नाही.

टायपिंग शेवटी. की-बोर्डवर बोट फिरवायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की बोट उचलायचं. मराठीत काना-मात्रांमुळे वेळ लागतो, त्यामुळे बरेच जण बोलून लिहितात. तेव्हाही इअरफोन लावावा, नाहीतर टॉकबॅकचं बोलणं माइकमध्ये शिरून मजकुरात उतरतं.

अजून डोकेदुखी आहे ती नाव न दिलेल्या बटणांची. काही ॲपमध्ये फोन फक्त ‘बटण’ एवढंच म्हणतो. तिथं टॉकबॅकच्या मेनूतून आम्ही स्वतः नाव देतो, ‘पाठवा’, ‘मागे’ असं. ॲप अपडेट झालं की कधी ती नावं जातात. मग फोन परत घेऊन या, परत लावून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.