आत्म्यांची पारख करताना: माझा अनुभव

आध्यात्मिक युद्ध म्हटलं की अनेकांना अंगात येणं, भूतबाधा, करणी असलंच काहीतरी आठवतं. खरं तर या लढाईचा फार मोठा भाग रोजच्या विचारांत लढला जातो. मी त्यासाठी येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतले आत्म्यांच्या पारखेचे नियम, म्हणजे मनातला विचार देवाकडून आला की सैतानाकडून हे ओळखण्याचे नियम, धरून चालते. या साधनेला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर यांनी ती त्याआधीच, 1534 मध्ये पॅरिसला केली होती. 1542 मध्ये ते गोव्यात उतरले ते याच तालमीतून तयार होऊन.

पूर्ण साधना सुमारे 30 दिवस मौनात करतात. ज्यांना नोकरी-घर सोडता येत नाही त्यांनी रोज तासभर प्रार्थना आणि ठरावीक दिवशी मार्गदर्शकाची भेट असं करत ती कित्येक महिन्यांत पुरी करायची. मी ही दुसरी वाट धरली.

सुरुवात दोन अवस्था ओळखण्यापासून होते. विश्वास, आशा, प्रीती वाढत असेल, मन देवाकडे ओढ घेत असेल तर ते सांत्वन. अंधारल्यासारखं वाटणं, तगमग, प्रार्थनेचा कंटाळा, ‘देव आपला नाहीच’ अशी भावना म्हणजे विषाद. नवीन माणूस इथेच चुकतो, कारण तो सांत्वन म्हणजे ‘बरं वाटणं’ असं धरतो. स्वतःच्या पापाबद्दल डोळ्यांत आलेलं पाणी हेही सांत्वन असू शकतं, आणि खूप हलकं, मजेत वाटणारं मन देवापासून लांब चाललेलं असू शकतं. आपण कुठल्या दिशेने चाललोय ते आधी बघायचं. पापाकडे घसरणाऱ्याला शत्रू, म्हणजे सैतान, गोड चित्रं दाखवतो आणि पवित्र आत्मा टोचणी लावतो. देवाकडे निघालेल्याच्या बाबतीत उलट: शत्रू टोचतो, खोटी कारणं पुढे करून वाट अडवतो, तर आत्मा धीर देतो.

रोजचं हत्यार म्हणजे वही. एका वेळी एकच दोष घ्यायचा, उदाहरणार्थ तोडून बोलणं. पानावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या. सकाळी उठल्याबरोबर त्या दोषापासून जपायचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसंच खालच्या रेघेवर. मधल्या वेळात चूक झाली की छातीवर हात ठेवायचा; चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. चार-पाच दोष एकदम घेतले की वही बंद पडते. ठिपके बघून स्वतःला झोडपत बसलात तरी तेच होतं. म्हणून आधी आभार मानायचे आणि मगच हिशेब.

सगळ्यांत जास्त उपयोग मला पाचव्या नियमाचा झाला: विषादात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. सेवाकार्य सोडावं, प्रार्थनेचा गट सोडावा, अमक्याशी संबंध तोडावेत, हे विचार अशा वेळी फार पटण्यासारखे वाटतात, आणि त्यांची घाई हीच त्यांची खूण. निर्णय तसाच ठेवून आपण स्वतः थोडं बदलायचं: प्रार्थना वाढवायची, मन जास्त तपासायचं, झेपेल एवढं प्रायश्चित्त घ्यायचं. तासभर बसायचं ठरवलं असेल आणि चाळिसाव्या मिनिटाला उठावंसं वाटलं तर पूर्ण तास बसायचं, वर थोडं जास्तच. शत्रूला वेळ कापायचा असतो, म्हणून आपण तो किंचित वाढवतो.

आणखी दोन नियम व्यवहाराचे. एक, शत्रूला गुप्तता लागते. ‘हे फादरना सांगू नकोस’ असा विचार आला की तीच गोष्ट आधी सांगायची. दुसरा, किल्ला घेणारा सरदार जसा तटाची कच्ची बाजू हेरतो तसा तो आपली कच्ची बाजू हेरतो. वहीतले ठिपके कुठे दाटलेत ते पाहिलं की ती सापडते.

पुढचा टप्पा अवघड, कारण तिथे मोह चांगल्याचं रूप घेऊन येतो. इग्नेशियस बार्सिलोनाला लॅटिन व्याकरण शिकत होते. पाठांतराला बसले की अध्यात्माची नवनवी उमज आणि गोडी दाटून यायची, अभ्यास बाजूला पडायचा. त्यांनी ताडून पाहिलं: प्रार्थनेत आणि मिस्सात (कॅथलिक उपासनाविधीत) एवढी उमज येत नाही, मग इथेच का? त्यांनी हा मोह म्हणून ओळखला, शिक्षकांना जाऊन सगळं सांगितलं आणि भाकर-पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं लक्ष देऊन शिकेन असं वचन दिलं. म्हणून चांगल्या विचाराचीही सुरुवात, मध्य आणि शेवट असा माग काढायचा. उपास ठीक, पण शेवटी घरच्यांवर चिडचिड आणि कामात हयगय होत असेल तर विचार कुठे बिघडला ते मागे जात शोधायचं.

काही गोष्टी या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. अनेक आठवडे झोप नाही, भूक नाही, जगू नये असं वाटतंय, तर आधी डॉक्टर. विषाद आणि नैराश्याचा आजार एकच नव्हे. दुष्टात्मा काढण्याचा विधी तर विश्वासणाऱ्यांनी आपल्या मनाने करायचाच नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या 1172व्या कलमानुसार तो फक्त धर्मगुरूने आणि तोही बिशपांची खास, स्पष्ट परवानगी घेऊन करायचा असतो. आजारपण आलं की जावेने किंवा शेजारणीने काही केलं म्हणणाऱ्यांना मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं बारावं वचन उघडून देते: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. माणसावर बोट दाखवणारी प्रार्थनासभा मी तिथेच थांबवायला सांगते.

मार्गदर्शक निवडताना त्याने स्वतः ही साधना केली आहे का, ते विचारा. आपल्याऐवजी तोच निर्णय घेऊ लागला तर दुसरा शोधा. त्याचं काम ऐकणं आणि सांत्वन-विषादाच्या नोंदी ताडून बघणं एवढंच. भेटीला जाताना वही बरोबर न्या. प्रार्थना संपल्यावर लगेच, जागा बदलून, पंधरा मिनिटांत लिहिलेल्या नोंदी सगळ्यांत कामाच्या असतात. संध्याकाळी आठवून लिहिलं की दिवसभराचा मूड त्यात मिसळतो.