आईचं पोटॅशियम ६.४ : माझा अनुभव

रिपोर्टवर ६.४ ठळक छापून आलं होतं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. दापोलीच्या आमच्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, कारण पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजी स्वच्छ. "आकडा खोटा असू शकतो, पण आजच्या आज पुन्हा तपासा," म्हणाले.

जिथे रक्त दिलं होतं त्या केंद्रात सकाळी अकराला गेलो आणि तिथेच अडकलो. खिडकीवरचा मुलगा म्हणे, मशीन चुकत नाही. पुन्हा हवं तर पुन्हा पैसे, नमुना रात्रीच्या गाडीने मुंबईला, रिपोर्ट परवा. मी विचारलं, आईचं रक्त मशीनमध्ये फिरवून सीरम, म्हणजे पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळं कधी केलं? उत्तर नाही. साहेब जेवायला गेलेत, थांबा. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त नळीत तसंच तासन्‌तास बर्फावर राहिलं, किंवा ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, की ते बाहेर झिरपतं आणि धडधाकट माणसाचाही आकडा वाढतो. नमुना फुटला असेल तर रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा हवा. तो आहे का, हे आधी बघा. आमच्यावर नव्हता. दीड वाजला, आई बाकावर बसून. तिला वाटत होतं आपलं काही खरं नाही.

शेवटी गाडी करून चिपळूण गाठलं, तिथे हॉस्पिटलातच मशीन आहे. तासाभरात आकडा आला, ५.४. मला रडूच आलं.

रक्त देताना मूठ उघड-बंद करू नका, त्यानेही आकडा वाढतो. आईला पहिल्या वेळी करायला लावली होती.

५.४ सुद्धा तिला जास्तच. तिची किडनी थोडी कमजोर, त्यात बीपीची टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवते. "मीठ कुठलं वापरता?" डॉक्टरांनी विचारलं. कमी सोडियमचं, मीच बीपीसाठी आणलेलं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं! ते त्याच दिवशी बंद केलं. परसातलं रोजचं शहाळंही बंद. त्याच्या पेलाभर पाण्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, केळ्यापेक्षा जास्त. सुरण, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडायचा, पाणी ओतून द्यायचं. बाबांची किडनी ठणठणीत, ते शहाळं पितात आणि प्यावंच. मोठ्या माणसाला दिवसाला निदान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

पंधरा दिवसांनी ४.८. त्या केंद्राकडून दुरुस्त रिपोर्ट अजून आलेला नाही. मी दर सोमवारी फोन करतो.