वजन उतरल्यानंतरची वर्षे

स्थूलतेवरील उपचार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वजन उतरण्याचे पहिले काही महिने येतात. आरोग्य मानसशास्त्रज्ञ म्हणून माझे संशोधन मात्र प्रामुख्याने त्यानंतरच्या वर्षांवर झाले आहे. उतरलेले वजन पुन्हा का चढते, आणि ते चढू नये म्हणून माणसाला कोणाची, किती काळ आणि कशा स्वरूपाची साथ लागते, या प्रश्नांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबले आहे.

प्रश्न जुनाच आहे. अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी १९५९ मध्ये तोवरच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेकांचे वजन फारसे उतरत नाही आणि ज्यांचे उतरते त्यांचेही टिकत नाही, असे त्यांना आढळले. पुढे १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी वर्षभर वर्तनोपचार घेतलेल्या आठ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. खाण्याची नोंद ठेवणे, खाताना दुसरे काहीही न करणे अशा साध्या गोष्टी त्या उपचारात होत्या, आणि आठही जणांचे वजन लक्षणीय उतरले. आमच्या शाखेतले पुष्कळसे काम त्या छोट्या अभ्यासातून वाढले आहे.

नोंदवही हे आजही आमचे मुख्य साधन आहे, आणि तिच्यातली कोरी पाने मी लिहिलेल्या पानांइतक्याच लक्षपूर्वक पाहते. एका सहभागी महिलेच्या वहीत सोमवारपासून शुक्रवारपर्यंत प्रत्येक खाणे वेळेसह नेटक्या अक्षरात लिहिलेले असे. शुक्रवारी रात्रीची नोंद अर्ध्यावर सुटलेली, पुढची दोन पाने कोरी, आणि सोमवारी पुन्हा तेच नेटके अक्षर. विचारल्यावर कळले की घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी मदतनीस शनिवार-रविवारी येत नसे आणि त्या दोन दिवसांत या बाईंना स्वतःसाठी बसून जेवण्याइतकीही सवड मिळत नसे. कोणत्या पदार्थात किती कॅलरी आहेत हे त्यांना चांगले ठाऊक होते, म्हणून पुढची सत्रे आम्ही आहाराच्या माहितीवर न घालवता त्या दोन दिवसांची कामे घरात कशी वाटून घेता येतील यावर घालवली. सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्तनबदलाची जी चौकट मांडली, तिच्यात क्षमता, संधी आणि प्रेरणा असे तीन घटक आहेत. या बाईंजवळ पहिला आणि तिसरा घटक भरपूर होता. दुसऱ्याची चौकशी त्यांच्याकडे तोवर कोणीच केली नव्हती.

वजन परत वाढले की इच्छाशक्ती कमी पडली, असे लोक चटकन म्हणतात, आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की रुग्ण स्वतःही तेच म्हणतात. प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की अतिशय कमी ऊर्जेच्या आहाराने वजन उतरवलेल्या व्यक्तींमध्ये भुकेशी निगडित संप्रेरकांत झालेले बदल वर्ष उलटल्यावरही टिकून होते आणि त्यांना भूकही पूर्वीपेक्षा अधिक लागत होती. ही माहिती मी उपचाराच्या सुरुवातीलाच देते. वाढलेली भूक हा शरीराचा अपेक्षित प्रतिसाद आहे हे आधीच कळलेले असले, तर वजनकाट्यावर दोन किलो जास्त दिसल्यावर माणूस लाजेने येणे बंद करत नाही, आणि तो येत राहिला तरच आम्हाला काही करता येते.

पाठपुरावा किती काळ हवा, याचे सर्वांत भक्कम उत्तर मला ‘लुक अहेड’ या अमेरिकी चाचणीत दिसते. टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांच्या या चाचणीत सघन वर्तनोपचार घेणाऱ्या गटाला पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला भेटी होत्या, आणि पहिल्या वर्षानंतरही नियमित संपर्क अनेक वर्षे चालू ठेवला गेला. आठ वर्षांनंतर त्या गटातील सुमारे निम्म्या लोकांचे वजन सुरुवातीपेक्षा किमान ५ टक्के कमी होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. हृदयविकाराच्या घटनांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही, आणि वर्तनोपचारांची बाजू मांडताना हे सांगणे मी कधीच टाळत नाही.

नव्या औषधांनी चित्र पालटले आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारे औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. मात्र त्याच चाचणीतील ज्या सहभागींचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांनी औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत मिळवले. काही लोकांना हे औषध दीर्घकाळ घेता येणार नाही, कोणाला दुष्परिणामांमुळे तर कोणाला खर्चामुळे, आणि अशा वेळी भूक परतण्याच्या पहिल्या आठवड्यांतच भेटी वाढवल्या तर काय घडते, हा प्रश्न सध्या माझ्या टेबलावर आहे.