काळ्या मातीत ट्रेलर उभा करताना

राहायच्या ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, चार कोपऱ्यांत जॅक असतात; ते घर उचलायला नसतात. ट्रेलर घेणाऱ्या ओळखीच्या माणसाला मी आधी हेच सांगतो. तो मान डोलावतो, आणि पहिल्याच मुक्कामाला हँडल फिरवून फिरवून चाक जमिनीवरून उचलून दाखवतो. हौसेला मोल नाही, पण चॅसीला आहे.

वजन चाकांवरच राहू द्यायचं. ओझं पेलतात ते टायर, पाटे (स्प्रिंगा) आणि ॲक्सल. कोपऱ्यातल्या कैची जॅकचं काम एवढंच की आत माणूस चालला तर घर डुलू नये. एखाद्या कोपऱ्याला जास्त ताण दिला की सांगाडा पिळवटतो, आणि ते आधी दारावर दिसतं: चौकटीला घासतं, कडी जुळत नाही. अशा वेळी सुताराला फोन करू नका, जॅक सैल करा.

आमचा ट्रेलर एका ॲक्सलचा, बोलेरोमागे ओढायचा. जागेवर गेलो की आडवी पातळी आधी, तीही हुक न सोडता. घर ज्या बाजूला कललं असेल त्या चाकापुढे फळी टाकायची आणि गाडी हळूच पुढे घेऊन चाक तिच्यावर चढवायचं. स्टेअरिंगवर बायको असते, कारण वीतभर गाडी सरकवायला लागणारा धीर माझ्यात नाही. मी आत, जमिनीवर गवंड्याची पाणसळ ठेवून ओरडायला. मोबाईलमध्येही पातळी बघता येते, पण माझा विश्वास त्या बुडबुड्यावर.

मग दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे, ठोकून घट्ट. त्या बसल्याशिवाय हुकला हात लावायचा नाही. सुटलेला ट्रेलर उतार शोधतोच. हुक काढला की पुढच्या दांडीच्या जॅकने पुढची-मागची पातळी. कोपरे सगळ्यात शेवटी. जॅक टेकला की वर अर्धा फेरा, बस्स.

एवढी पातळी कशाला, असं पाहुणे विचारतात. एक तर उताराला डोकं करून झोप लागत नाही. दुसरं, आमचा फ्रीज गॅसवरचा, अमोनियाचा. त्यात पंप नसतो. आतलं द्रव नळ्यांतून स्वतःच्या वजनाने ओघळतं. घर कललं की ते जागोजागी अडतं आणि गारवा जातो. कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर एवढी धास्ती नको.

हे झालं कुठलंही मैदान. आपल्या खान्देशात खरा प्रश्न माती आहे.

तोरणमाळला वर सोपं असतं. खाली दगड, वर मुरूम. जॅक टेकला की टेकला. खाली तापीकाठी या, सारंगखेड्याच्या यात्रेला म्हणा. दत्त जयंतीचे दिवस, पावसाळा केव्हाच सरलेला, जमीन वरून खडखडीत. पण ही काळी कपाशीची माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. हात जाईल अशा भेगा उन्हाळ्यात पडतात. जॅकचा तळवा नेमका अशा भेगेच्या काठावर आला तर काठ ढासळतो आणि तो कोपरा लटकता राहतो.

उपाय रुंद पाया. जॅकचा तळवा चार इंच बाय चार, म्हणजे १६ चौरस इंच. त्याखाली फूटभर चौरस फळी दिली तर १४४. तोच भार नऊपट जागेवर पसरतो. मी वखारीतून बाभळीच्या जाड फळ्या कापून आणल्यात. बैलगाडीची चाकं ज्या लाकडाची व्हायची ते लाकूड जॅकला भीत नाही. प्लायवूड आणू नका, पाणी प्यायलं की पोपडे सुटतात.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेला लागून सावली बघून थांबायचा मोह होतो. तिथे ठिबकच्या पाण्याने आतली माती लोण्यासारखी असते आणि वर फक्त कोरडी पापडी. मी पहार टोचून बघतो. जोर न लावता आत गेली तर सावली सोडून द्यायची.

एवढं करूनही पहिल्या रात्री फळ्या थोड्या दबतात. सकाळी प्रत्येक जॅकला हात लावून बघायचा, सैल असेल तर पुन्हा अर्धा फेरा. पाऊस पडून गेला तर पाणसळही पुन्हा ठेवायची.

कोपरे घट्ट असूनही घर पुढे-मागे हिंदकळतं, ही आमच्या आईची तक्रार. "आंडोर, हाई घर हालस ना!" (अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा.) तिचं खरं होतं. ते हलणं चाकांचं. टायर उटीत केसभर जरी फिरला तरी आत जाणवतं, आणि कोपऱ्याचे जॅक त्याला आडवे येत नाहीत. उट्या पुन्हा ठोकल्या की आईची कुरकुर निम्मी कमी होते. उरलेली घराबद्दल नसतेच.

मे-जूनच्या वावटळींबद्दल केळीवाल्यांना विचारा. उभ्या बागा आडव्या करणारा वारा ताडपत्रीच्या मांडवात शिरला तर जॅक काय करणार? आभाळ धुरकटलं की आधी मांडव गुंडाळायचा, चहा नंतर.

निघताना आधी हुक जोडायचा, मग चारही कोपरे पूर्ण वर, आणि एकदा घराभोवती फेरी. फळ्या चिखलात रुतून बसतात, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवून ठेवलीय. ओढली की निघते. त्या ठेवायला गोणपाटाची वेगळी पिशवी बाहेरच बांधलीय. चिखलासकट आत आणल्या तर बायको काय बोलते, ते इथे लिहिता येणार नाही.